बॉनेटवरचा हात

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस? रस्ता काय माझ्या तोंडावर आहे?" इन्स्पेक्टर साहेब ओरडला, आणि तो काय ओरडला हे हिरामणला कळलं ते त्याच्या तोंडाकडे बघितल्यामुळेच. आता आली का पंचाईत! तोंडाकडे बघावं तर रस्ता सुटतो, रस्त्याकडे बघावं तर साहेब सुटतो. ठाण्याच्या त्या मैदानात, पुढेमागे लाल रंगात 'एल' रंगवलेल्या ट्रकात, काल्हेरचा अडतीस वर्षांचा हिरामण स्टीअरिंग घट्ट धरून बसला होता, आणि ज्या पिंपाला वळसा घालायचा होता ते पिंप बंपरखाली चेपून आडवं झालं होतं. चेपताना आवाज झाला असणार. साहेब दचकला, म्हणजे चांगलाच मोठा झाला असणार. हिरामणला तो पायातून कळला, ब्रेकवरच्या तळव्यातून, पायाखाली वाळकी फांदी मोडावी एवढाच. साहेबानं खिशातलं पेन काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला. हेवी लायसनच्या परीक्षेत नापास. महिन्यानं परत. उतरताना साहेब थांबला आणि त्यानं हिरामणकडे जरा जास्तच वेळ बघितलं. नापास होण्याचं एवढं काही नव्हतं, लोक तीनतीनदा नापास होतात. पण ह्याला कळलं की काय?

परत येताना स्टीअरिंगवर कासमचाचा बसला. कासमचाचा निजामपुऱ्यातला, आग्रा रोडवर पस्तीस वर्षं ट्रक हाणलेला जुना ड्रायव्हर. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून लांबच्या फेऱ्या सोडल्या आणि हिरामणला शिकवायला राहिला. छातीपर्यंत पांढरी दाढी, मिशा ओठांवर उतरलेल्या. त्या केसांच्या रानात ओठ कुठे आहेत हे शोधायचं म्हणजे कठीणच. त्यामुळे कासमचाचाचं बोलणं हिरामणला कधी वाचताच आलं नाही. फारच महत्त्वाचं असलं की चाचा त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, त्या कानात अजून थोडी धुगधुगी होती. एरवी नुसती दाढी हलायची. सदा हलायची. गाडी चालू झाली की जबडा सुरू. पान खातो म्हातारा, असं हिरामणनं पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. थुंकताना मात्र तो कधी दिसला नव्हता, पण जुन्या ड्रायव्हरांच्या एकेक तऱ्हा असतात, आपण कशाला चौकशी करा. आज मात्र दाढीसुद्धा गप्प होती. काशेळीच्या पुलावर आल्यावर चाचानं एक हात सोडून हिरामणच्या पाठीवर ठेवला आणि पूल संपेपर्यंत काढला नाही.

घरी पंढरी वाट बघत असणार. पंढरी म्हणजे धाकटा भाऊ. काल्हेरची खाडीकडची जमीन गोडाऊनवाल्याला दिली, आणि दोघांच्या वाट्यातून मिळून हा ट्रक घेतला. पंढरीनं तेव्हाच सांगितलं होतं, "दादा, चालवनारा तूच. पन दिवाळीपर्यंत. नंतर मी बाहेरचा ड्रायव्हर ठेवनार, मंग तू घरात बसून खाटेच्या दोऱ्या मोज." तोंडाळ होता, पण खोटं बोलत नव्हता. ट्रक दारात उभा ठेवून चालत नाही. आणि बाहेरचा ड्रायव्हर आला की हिरामणला परत लूमवरच, कापडाच्या मागावर, जायला लागणार, त्याच शेडमध्ये, जिथं त्याचे कान राहिले. हे त्याला नको होतं. नको म्हणजे इतकं नको की नुसत्या विचारानं त्याचे दात आवळले जायचे.

अठरा वर्षं त्यानं फखरुद्दीन शेठच्या कारखान्यात लूम चालवले होते. एका शेडमध्ये चोवीस लूम, आणि प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटतोय, मिनिटाला शंभराच्या वर. तिथं कुणी कुणाशी बोलत नसे. म्हणजे बोलत सगळे, पण तोंडानं दाखवून. चहा, कांडी, शेठ आला, बायको बाळंत झाली, सगळं ओठांवर. नवीन माणूस आठ दिवसांत शिकतो आणि मग जन्मभर बाहेरसुद्धा माणसाच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत राहतो. भिवंडीत अशी माणसं गल्लोगल्ली भेटतात. कान कधी गेले ते हिरामणला कळलंच नाही. एक दिवस जेवायला बसला असताना त्याला वाटलं की आनंदीच्या बांगड्या फुटल्या वाटतं. वर बघितलं तर दोन्ही हात भरलेले, हिरव्यागार बांगड्या, आणि ती भाकरी थापतेय. बांगड्या हलत होत्या, एकमेकींवर पडत होत्या. तो घास हातात धरून बघतच राहिला. "काय झालं?" आनंदीचे ओठ म्हणाले. "काय न्हाय," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून हे काय-न्हाय त्यानं सांभाळून ठेवलं. जीपवर हलक्या गाडीचं लायसन काढलं तेव्हा साहेब अबोल निघाला, हातानंच दाखवायचा. हेवीच्या फॉर्मवर सही करणाऱ्या डॉक्टरनं समोर बसून विचारलं, "ऐकू येतं ना नीट?" हिरामणनं ते त्याच्या ओठांवरून उचललं आणि म्हणाला, "येतं की." खोटं किती सोपं होतं!

पण ट्रक जीपसारखा नव्हता. कासमचाचानं पहिल्या दिवशी त्याला स्टीअरिंगला हात लावू दिला नाही. गोडाऊनसमोरच्या मोकळ्या जागेत, कपड्याच्या गाठींनी भरलेला ट्रक चालू करून ठेवला, हिरामणचा दंड धरून त्याला पुढे नेलं आणि बंपरपासून दोन हातांवर, मातीत, मांडी घालून बसवलं. असं बस, असं खुणेनं सांगितलं, आणि स्वतः सावलीत जाऊन उभा राहिला. गोडाऊनचे हमाल हसायला लागले असणार. हिरामणलाही आधी हसू आलं. मग त्यानं वर बघितलं. बंपर त्याच्या कपाळासमोर होता. त्याच्या वर जाळी, जाळीच्या वर काच, काचेच्या वर लाकडी कपाळपट्टी, त्याच्याही वर गाठी, आणि मग कुठंतरी आभाळ. बसल्या जागची माती थरथरत होती. मांडीतून, माकडहाडातून, छातीच्या फासळ्यांतून ते वर चढत होतं. आवाज नव्हताच, नुसता भार होता, जिवंत, श्वास घेणारा, दोन हातांवर थांबवून ठेवलेला. आणि वर सीटवर कुणीही नव्हतं. अगं आई! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीनं म्हणावं तर भीती नव्हती. लहानपणी बापानं खाडीत होडीतून नेलं होतं आणि भरतीचं पाणी पहिल्यांदा अंगावर आलेलं बघितलं होतं, तेव्हा असंच झालं होतं. किती वेळ बसला कोण जाणे. चाचानं येऊन उठवलं, उजव्या कानाशी ओरडला, "रस्त्यावरच्या मानसाला ही अशी दिसते. इसरू नको!" आणि मग दाढी परत हलायला लागली.

त्यानंतर पाच महिने. ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस यांच्यामध्ये बॉनेटचा उंचवटा, खाली इंजिन, वरून गोधडी टाकलेली तरी तापणारं. चाचानं शिकवलं ते त्या बॉनेटवर. त्याची एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तळवा नुसता गोल फिरवला की गिअर बदल. हिरामणचा डावा हात मोकळा झाला की आपोआप तिथंच जाऊन बसायचा, आणि त्याला स्वतःलाच नवल वाटायचं, कारण हे त्याला येत होतं! लूमच्या चौकटीवर हात ठेवून तो सांगायचा, हा आता धागा तोडणार, ह्याचा पट्टा सैल झालाय. तसंच हेही बोलत होतं. चढावर इंजिनाला जड झालं की तळव्याखाली एक घोगरं काहीतरी व्हायचं, नेमक्या त्या क्षणाला क्लच, मधे जरा सोडायचा, परत क्लच, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत. चाचा मान हलवायचा. एवढी मोठी वस्तू, दहा टन माल, आणि ती आपल्या टाचेच्या शब्दावर थांबते. रोज सकाळी दार उघडून वर चढताना हिरामणचा हात आधी कपाळाला जायचा, मग दांड्याला. आनंदी हसायची. "देव्हाऱ्यात चाललाव का?" तिचे ओठ विचारायचे.

आणि मग निजामपुऱ्यातली ती दुपार. गल्ली अरुंद, ट्रक मागे घ्यायचा होता, चाचा शेजारी बसून उजव्या-डाव्या आरशात बघत होता. सगळं नीट चाललं होतं. एकदम बॉनेटवर थाप बसली, अशी की गोधडी उडाली. हिरामणनं ब्रेक दाबला. उतरून मागे गेला. बिमांनी, म्हणजे लूमच्या सूत गुंडाळलेल्या जाड रुळांनी, भरलेली हातगाडी भिंतीला लागून अडकली होती आणि ती ओढणारा माणूस, गाडी आणि ट्रकचं फळकूट यांच्यामध्ये, उभा. मधे वीतभर जागा उरलेली. त्याचं तोंड उघडं होतं. ते कधीपासून उघडं होतं, हे हिरामणला त्याच्या मानेच्या शिरांवरून कळलं. तो केव्हापासून ओरडत होता. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं, दुकानातून माणसं बाहेर आली होती, वरच्या खिडकीतून बायका बघत होत्या. फक्त जो ट्रक चालवत होता त्याला ऐकू येत नव्हतं. माणूस शिव्या द्यायला लागला. त्या हिरामणनं एकूण एक वाचल्या आणि एकही त्याला जास्त वाटली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस कुणीही जांभई दिली तरी त्याच्या काळजात चर्र व्हायचं. पण लायसनचा नाद सोडावा असं मात्र वाटलं नाही. का, हे त्यानं स्वतःला कधी विचारलंच नाही.

महिन्याभरानं दुसरी परीक्षा. चाचानं तोड काढली होती. मैदानातला क्रम ठरलेला असतो: सरळ, पिंपाला वळसा, मागे, थांब. तो क्रम हिरामणनं डोक्यात बसवला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून साहेबाचा हात तेवढा बघायचा, तोंड नाही. ट्रक त्या दिवशी असा चालला की काय सांगावं! पिंपाला वळसा घातला तो सुईत दोरा ओवावा तसा. मागे घेतला तो दोन्ही चुन्याच्या रेघांच्या बरोबर मधे. थांबला. साहेब उतरला. कागद, पेन. हिरामणही खाली उतरला आणि दाराला हात लावून उभा राहिला. इंजिन अजून चालू होतं. समोर बाजूचा गोल आरसा होता, आणि त्या आरशात त्याला त्याच्या पाठीमागे येऊन थांबलेला साहेब दिसला. साहेबाचे ओठ हलले. "चष्मा लागतो का रे तुला?"

उत्तर तोंडात तयार होतं. न्हाय साहेब. दोन शब्द, वळायचीसुद्धा गरज नाही. आरशातला साहेब वाट बघत होता, पेन कागदावर टेकलेलं होतं, आणि हिरामणला कळत होतं की हा प्रश्न चष्म्याचा नाही. गेल्या महिन्यातलं ते बघणं त्याला आठवलं. बोल ना, त्यानं स्वतःला म्हटलं, बोल की मर्दा, पंढरी, आनंदी, शेड, सगळं त्या दोन शब्दांवर आहे. पण दाराच्या पत्र्यातून ती थरथर त्याच्या हातात येत होती, हातातून दंडात, छातीत, अगदी तशीच, मातीत बसला होता तेव्हासारखी. वर सीटवर कुणीही नव्हतं. त्याला ते रिकामं सीट खालून दिसलं.

"साहेब," तो वळून म्हणाला, "तुम्ही चष्म्याचं इचारलं. मना ऐकू न्हाय आलं. आरशात तुमचं तोंड दिसलं."

साहेबानं पेन खाली केलं. मग त्यानं तोंड नीट समोर धरून, सावकाश विचारलं, "रस्त्यावर मागून कुणी ओरडलं तर?"

"न्हाय कळनार."

"मी सही करत होतो. मग कशाला सांगितलंस?"

हे कसं सांगायचं! हिरामणनं मागे ट्रककडे बघितलं, साहेबाकडे बघितलं. "साहेब, एकदा हिच्यासमोर खाली बसून बघा," तो म्हणाला. बोलल्यावर वाटलं, गेलं, आता हा मारतोय. पण साहेबानं खरंच ट्रककडे बघितलं, खालपासून वरपर्यंत. मग कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता बोलला, मान मुद्दाम वर ठेवून, "कानाच्या डॉक्टरकडे जा. यंत्र लावून ऐकू येत असेल तर तसा कागद आण, मग बघू. नाही आलं ऐकू, तर पुन्हा या मैदानात पाय ठेवू नकोस."

पंढरीनं घर डोक्यावर घेतलं. "सही करत होता आनि तू त्याचा हात धरलास? अक्कल काय लूममधी घातलीस का?" त्यानं एका बाहेरच्या ड्रायव्हरला दिवाळीनंतरचा शब्दही देऊन टाकला. कासमचाचा मात्र दुसऱ्या दिवशी ट्रक पुसायला आला आणि हिरामणच्या आधी त्यानंच दांड्याला हात लावून कपाळाला लावला.

यंत्र आलं ते दिवाळीच्या तोंडावर, तिसऱ्या परीक्षेच्या दोन दिवस आधी. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, खिशात ठेवायची, तिच्यातून वायर उजव्या कानात. डबीला एक चाक, फिरवलं की चालू, उलटं फिरवलं की बंद. डॉक्टरच्या पायऱ्यांवरच त्यानं चाक फिरवलं आणि जागच्या जागी बसला. चपला वाजत होत्या! त्याच्या स्वतःच्या. कावळा होता. निजामपुऱ्यातून जाताना लूमचा आवाज आला, गल्ल्यागल्ल्यांतून, भिंतींच्या आतून, सगळं गाव एकाच वेळी दात वाजवत असल्यासारखा, आणि तो रस्त्यात उभा राहून ऐकत राहिला. ह्यानं खाल्ले आपले कान. राग यायला हवा होता, पण अंगावर नुसता काटा आला. घरी आनंदी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि बांगड्या वाजल्या. "अगो, हालव," तो म्हणाला. "काय?" "हात हालव गो." ती वेड्यासारखी हात हलवत उभी राहिली आणि तो खाली बसून लहान पोरासारखा रडला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यानं यंत्र बंद ठेवलं. सेल नेमका साहेबासमोर संपला तर? ठाण्यापर्यंत बॉनेटवर हात ठेवूनच गेला. मैदानात डॉक्टरचा कागद वाचून साहेब शेजारी चढून बसला, कासमचाचा उठून मागच्या बाकावर गेला. साहेबानं हरकत घेतली नाही. हिरामणनं डबीचं चाक फिरवलं, मग चावी.

ती बोलली. पाच महिने हातानं जिला ओळखत होता, तिचा आवाज! आधी खोकली, मग घसा साफ केला, मग तो आवाज खालून वर भरत आला, आणि हिरामणचे हात स्टीअरिंगवर तसेच राहिले. एवढी मोठी आहेस होय तू, त्याच्या मनात आलं. "सरळ," साहेब म्हणाला. तो सरळ निघाला, डोळे मैदानावर. "डावीकडे." डावीकडे. शब्द कानात येत होते आणि रस्ता डोळ्यांत, दोन्ही एकाच वेळी, आणि जगातल्या सगळ्या माणसांना हे असं रोज फुकट मिळतं! पिंपाला वळसा पडला. आणि तेव्हा इंजिनाच्या आवाजाच्या खाली, पाठीमागून, त्याला आणखी एक आवाज आला. घोगरा, म्हातारा, न थांबणारा.

"हळू ग बाय... पिंप हाय, संबाल... ह्याला ऐकू येत न्हाय, म्हनून तुला सांगतो... तू ऐक, तू थांब ह्याच्यासाठी... ह्याला घरला ने माझे बाय... बायकापोरं हायेत ह्याला..."

हिरामणचा पाय क्लचवर क्षणभर तसाच राहिला. पान नव्हतंच! पाच महिने दाढी हलत होती. चढावर, निजामपुऱ्यात, गोडाऊनसमोर. त्याच्याशी बोलून उपयोग नव्हता, म्हणून म्हातारा गाडीला सांगत होता. रोज. त्याच्या शेजारी बसून, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"मागं कोण पुटपुटतंय?" साहेब म्हणाला. आवाज थांबला. "मागे घे गाडी." त्यानं घेतली, दोन्ही आरशांत बघत, कान मागे लावून. "थांब!" साहेब ओरडला, मुद्दाम, बाहेर तोंड करून. ट्रक जागच्या जागी उभा राहिला. साहेबानं कागदावर सही केली, आणि उतरून, जाताजाता, ट्रकच्या समोर थोडा थांबला. वाकून त्यानं बंपर कुठवर येतो ते बघितलं. मग गेला.

परत येताना हिरामणच चालवत होता. चाचा शेजारी बसला होता, हात गुडघ्यांवर, खिडकीबाहेर बघत. "चाचा," हिरामण म्हणाला, "काय बोलत होतास रे मागं?"

"कुठं काय? काय न्हाय." म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी ऐकलं."

चाचानं हात झटकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. दाढी हलेना. बाळकुम गेलं, रस्ता खाडीकडे वळला, इंजिन आपलं बोलत होतं, टपावरची ताडपत्री फडफडत होती, मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत आली आणि हिरामणनं तिला ऐकून बाजू दिली. सगळं ऐकू येत होतं. आणि बॉनेटच्या पलीकडे एवढी शांतता होती की त्याला ती पहिल्यांदाच जाणवली. आता ह्याला ऐकू येतं, मग मी कशाला बोलू, असं म्हाताऱ्यानं ठरवलेलं दिसत होतं. हे काय झालं, हे तर नको होतं!

काशेळीचा पूल दिसायला लागला. त्यानं डावा हात सोडला, चाचाला दिसेल असा खिशात घातला, अंगठा डबीच्या चाकावर ठेवला. "सेल वाचवतो," तो म्हणाला, जरा मोठ्यानं, पूर्वी बोलायचा तसं. चाक त्यानं फिरवलं नाही. हात काढून बॉनेटवर ठेवला आणि समोर बघत राहिला.

पुलाचा चढ लागला. तळव्याखाली इंजिन घोगरं झालं, कानातही झालं. क्लच, जरा सोडला, परत क्लच. गिअर बदलला. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी दाढी हलली.

"बाय ग," कासमचाचा हळूच म्हणाला, "पास झाला तो. आता ऐकू येतं त्याला, डबी हाय. पन डबीचा काय भरोसा? तू कान देत राहा..."

पूल संपेपर्यंत तो बोलत होता. हिरामणनं मान वळवली नाही.